डोक्यावरचा दाणा

मी एक जुना आट्यांचा खिळा आहे, मित्रांनो. रुळाला लाकडी स्लीपरवर घट्ट धरून ठेवायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. तुम्ही म्हणाल, खिळ्याला कसले आले आटे? तर साधा खिळा ठोकतात, मला फिरवून बसवतात. माझं अंग वीतभर लांब आणि अंगठ्याहून जाड आहे. त्याच्यावर रुंद आटे आहेत, वर टोपीसारखी गोल कड आहे आणि पाना नीट बसावा म्हणून चौकोनी डोकं आहे. पण मला बघायचंच असेल तर आधी माझं डोकं बघा. माझ्या सगळ्या भावंडांच्या डोक्यावर हरभऱ्याएवढा एक उंचवटा असतो. कारखान्यात त्याला दाणा म्हणत. माझ्या डोक्यावर तो होता, आता नाही. तो कसा गेला, तेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका लांबट कारखान्यात झाला. तिथे लोखंडी सळया कातरयंत्रावर काकडीसारख्या कापत. माझा तुकडा भट्टीत गेला, आधी लाल झाला आणि मग पिवळा. चिमट्याने मला बाहेर काढून साच्यात उभं केलं आणि वरून दाबयंत्राचा एकच दणका बसला. टोपी, चौकोनी डोकं आणि दाणा, तिन्ही त्या एका दणक्यात झाले. मग खाचा पाडलेल्या दोन पोलादी लाटण्यांमधून मला फिरवलं, तेव्हा अंगावर आटे उठले. आटे कापून काढायचे नसतात, दाबून उठवायचे असतात. कापले की लोखंडाच्या आतले धागे तुटतात आणि खिळा ऐन वेळी दगा देतो. शेवटी मला गरम काळ्या तेलात बुडवलं आणि निथळायला जाळीवर टाकलं.

साच्यावर एक म्हातारा कारागीर होता. भट्टीजवळ आयुष्य गेलं, त्यात त्याची एक भुवई जळाली ती पुन्हा आलीच नाही. सगळे त्याला एकभुवया म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई. तो प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवायचा. दाणा नीट उठला नसेल तर खिळा परत भट्टीत. शिवाय शंभरातला एक खिळा तो ऐरणीवर ठेवून वाकवून बघायचा. त्याला तडा गेला तर सगळे शंभर बाद. आमच्या शंभरात माझ्या शेजारचाच उचलला गेला. तो वाकला, पण तडकला नाही, आणि त्याच्या जिवावर आम्ही नव्याण्णव जण पास झालो. तो स्वतः मात्र रुळापर्यंत कधी पोचला नाही.

एकदा एक तपासणीस बाई आल्या. साच्यात एवढा दाणा कोरत बसण्याची उठाठेव कशाला, असं त्यांनी विचारलं. एकभुवयाने मलाच उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"हा आमचा चहाडखोर आहे, बाई," तो म्हणाला. "खिळा फिरवूनच बसवायचा असतो. कुणी आळशीपणा करून घणानं ठोकला, तर हा दाणा चपटा होतो. मग साहेब नुसतं डोकं बघतात आणि त्यांना कळतं."

बाईंनी माझ्या दाण्यावर बोट फिरवलं आणि कौतुकाने मान हलवली. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. मी नुसता खिळा नाही, साक्षीदारही आहे, असं मला त्या दिवशी वाटलं. साक्षीदाराचं ऐकायला कुणीतरी यावं लागतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

लाकडी खोक्यात पन्नास जणांबरोबर मी बरेच महिने एका गुदामात पडून होतो. अंधार होता, पण गर्दी होती. मग एके दिवशी खोकं उघडलं आणि मी एका वळणावर येऊन पडलो. रूळ तिथे टेकडीला वळसा घालून जातो. वळणावर धावणारी गाडी बाहेरच्या रुळाला बाहेर ढकलते, म्हणून तिथले खिळे मजबूत लागतात. मला बाहेरच्याच रुळाची जागा मिळाली.

आता आम्हाला बसवतात कसं, ते ऐका. स्लीपरला आधी गिरमिटाने भोक पाडलेलं असतं. पाना म्हणजे कमरेएवढा उभा दांडा. त्याच्या खाली आमच्या डोक्यावर बसणारी वाटी आणि वर आडवा हात. दोन माणसं तो आडवा हात दोन बाजूंनी धरून समोरासमोर उभी राहतात आणि गोल फेऱ्या मारतात. एकट्याने ते काम होत नाही, पाना कलतो. दहा फेऱ्या झाल्या की खिळा बसला. माणसं फेऱ्या मोठ्याने मोजतात, आणि दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत मोजायच्या असल्यामुळे रुसवाफुगवा असला तर तो चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत टिकत नाही, असं रूळ बसवणाऱ्यांच्या टोळीत म्हणत.

माझ्या वाट्याला आलेली जोडी नात्यातली होती. एकाला सगळी टोळी दादा म्हणे. तो थोरला, शांत, मोजकं बोलणारा. दुसरा त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दादा त्याला भावोजी म्हणायचा, म्हणून सगळेच भावोजी म्हणू लागले. टोळीत चेष्टा चाले की हा एकट्या दादाचा नाही, चौदा जणांचा जावई आहे, याला पाणीसुद्धा आधी द्या. भावोजी हसायचा आणि खरंच आधी पाणी प्यायचा.

त्या संध्याकाळी दोघंही घाईत होते. दादाची बहीण बाळंतपणाला आईकडे गेली होती. ती सव्वा महिन्याची लेक घेऊन साडेपाचच्या गाडीने परत येणार होती. बापाने लेकीला एकदाच पाहिलं होतं, मामाने अजून पाहिलंच नव्हतं. काम उरकून दोघांना गाडीआधी स्टेशन गाठायचं होतं. वळणावरचा शेवटचा खिळा मी होतो.

एक, दोन, तीन करत सात फेऱ्या झाल्या. लाकूड मला आणि मी लाकडाला धरत होतो. मित्रांनो, ते सुख मला शब्दांत सांगता येणार नाही. आठव्या फेरीला पान्याची झिजलेली वाटी डोक्यावरून सटकली. पुन्हा लावली, पुन्हा सटकली. चांगला पाना टोळी पुढे घेऊन गेली होती, फार तर दोनशे पावलं. भावोजीने वळणाच्या दिशेने पाहिलं आणि घण उचलला.

"थांबा भावोजी," दादा म्हणाला. "पाना घेऊन येतो मी. हा ठोकायचा नसतो."

"दादा, गाडीची वेळ झाली. तीन घावांचं तर काम आहे."

दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. समोर बहिणीचा नवरा होता. जावई माणसाच्या हातातला घण कसा धरायचा? दुसरं कुणी असतं तर दादाने नक्की धरला असता.

पहिल्या घावाला माझा दाणा गेला. दुसऱ्या घावाला माझ्या आट्यांनी भोवतीचं लाकूड फाडलं, सात फेऱ्यांत जमलेलं सगळं गेलं. तिसऱ्या घावाला मी खाली टेकलो. वरून बघाल तर अगदी इतरांसारखाच बसलेला. दिसतं तसं नसतं, ते असं. भावोजीने डब्यातलं काळं वंगण बोटाने घेतलं आणि माझ्या डोक्यावर फासलं. पाच मिनिटांनी तेव्हाचा मुकादम येऊन गेला. त्याने डोकी पाहिली, माझंही पाहिलं आणि पुढे गेला. साक्षीदाराच्या तोंडावर वंगण होतं.

मग गाडी आली. माझ्यावरून गेलेली ती पहिली गाडी, आणि तिच्यात ती सव्वा महिन्याची पोर होती. रूळ दबला, रुळाखालची लोखंडी बैठक थरथरली, माझ्या शेजारच्याने दात-ओठ खाऊन भार पेलला. मी मात्र भोकात नुसता खुळखुळलो. बैठक एवढीशी उचलली आणि परत बसली, कुणाला कळलं नाही. मला कळलं.

त्या दिवसानंतर दादा आणि भावोजी एका पान्यावर कधी उभे राहिले नाहीत. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दादाने आपल्यासाठी दुसरी टोळी मागून घेतली. बोलावं तर बहिणीच्या संसाराला धक्का, न बोलावं तर स्वतःच्या मनाला टोचणी, म्हणून त्याने समोर येणंच टाळलं. भावोजी मनातून समजला आणि त्यानेही जाणं-येणं सोडलं. मधल्यामध्ये बहिणीची कोंडी झाली. ती लेकीला घेऊन एकटीच भावाकडे जायची आणि एकटीच परत यायची. काय झालं म्हणून ती दोघांना विचारायची, तर दोघंही काही नाही म्हणायचे. हे सगळं मला टोळीच्या बोलण्यातून कळलं. माणसं रुळावर बसून भाकरतुकडा खातात तेव्हा खिळ्यासमोर काय बोलावं, याचा विचार करत नाहीत.

आणि माझं? आम्हा खिळ्यांना तोंड नाही, आमचं बोलणं भारातून होतं. गाडी आली की बैठकीवरचे सगळे खिळे एकदम ताणले जातात आणि त्या एका ताणात एकमेकांना ओळखतात. मला ताणच नव्हता. हजारो गाड्या गेल्या, शेजारी एकमेकांशी बोलत राहिले, आणि मी त्यांच्या मधोमध एकटा पडलो. माझ्या वाटचा भारही माझा शेजारी उचलत होता. तो एका शब्दाने कधी बोलला नाही, पण त्याचं कण्हणं मला ऐकू येई. मला स्वतःची लाज वाटे. धरण्यासाठी जन्माला आलो आणि काही म्हणजे काही धरलं नाही.

आठ वर्षांनी भावोजी गस्तवाला झाला. गस्तवाल्याने आपल्या पट्ट्यातला रूळ रोज चालून बघायचा असतो, लहान हातोडीने खिळे वाजवायचे असतात, ढिला दिसला तर आवळायचा असतो. हा पट्टा त्याने मागून घेतला असं ऐकलं. खाई त्याला खवखवे. पहिल्याच दिवशी तो थेट माझ्यापाशी आला. बाकीचे खिळे हातोडीखाली टणटणले, मी ठस्स वाजलो. त्याने मला बोटांनी फिरवलं आणि मी फिरलो. तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्याने मला उपसलं, लाकडाची एक चोय भोकात सारली आणि मला परत बसवलं.

चोय पंधरा दिवस टिकली. मग दुसरी, मग तिसरी. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आम्हाला दोघांनाही काडीचाच आधार होता. खरा उपाय त्याला माहीत होता. भोक कठीण लाकडाच्या खुंटीने बुजवायचं, नव्याने गिरमिट चालवायचं आणि नवा खिळा फिरवायचा. पण त्यासाठी वहीत लिहावं लागतं, कारण सांगावं लागतं, माझं डोकं साहेबाला दाखवावं लागतं. भावोजी रोज येताना ठरवून यायचा की आज लिहायचं, आणि रोज खिशातून चोय काढायचा.

लेक दहा वर्षांची झाली आणि पुढच्या शाळेसाठी रोज सकाळच्या गाडीने जाऊ लागली. ती गाडी दहाच्या सुमाराला वळणावर यायची. तेव्हापासून भावोजी गाडी जाईपर्यंत माझ्यापाशीच उभा राहू लागला. खिडकीतून एक हात हलायचा, हाही हात हलवायचा. लेकीला वाटे, बाबा आपल्याला बघायला उभे राहतात. ते खरंच होतं, पण तेवढंच नव्हतं. गाडी गेली की त्याचा हात खाली यायचा आणि तो श्वास सोडायचा. अशी आणखी दोन वर्षं गेली. माझ्या भोकात एव्हाना बारा वर्षं पाणी मुरत होतं, लाकूड आतून कुजलं होतं, आणि हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन एकटे जीव रोज सकाळी एकमेकांसमोर यायचे आणि एकही बोलू शकायचा नाही.

एके सकाळी तो आला तेव्हा माझ्या शेजाऱ्याचं डोकं खडीत पडलेलं होतं. बारा वर्षं दोघांचा भार उचलून त्याची मान आदल्या रात्रीच्या मालगाडीखाली तुटली होती. बैठक बोटभर बाहेर सरकली होती. दहाची गाडी यायला पाव तास उरला होता. भावोजीने सवयीने खिशातून चोय काढली. तिच्याकडे पाहिलं. मग ती फेकून दिली, लाल झेंडा उघडला आणि वळणापलीकडे धावत सुटला. पन्नाशीला आलेला माणूस एवढा धावू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

गाडी वळणाच्या तोंडाशी थांबली. इंजिनचालक तणतणत उतरला. थोड्या वेळाने ढकलगाडीवरून मुकादम आला. त्या पट्ट्याचा मुकादम वर्षभरापासून दादा होता. कामाचे निरोप तो भावोजीला दुसऱ्याच्या तोंडून पाठवी. आज तो आणि भावोजी माझ्या दोन बाजूंना उभे होते, आणि पहिल्या डब्याच्या खिडकीतून लेक वाकून बघत होती.

चालकाने मला दोन बोटांनी उचललं. हो मित्रांनो, दोन बोटांनी. ज्याला उपसायला दोन माणसं आणि पाना लागावा, तो मी मुळ्यासारखा वर आलो. त्याने सगळ्यांकडे बघून विचारलं, हा असा कुणी बसवला?

भावोजीने मला त्याच्या हातातून घेतलं. सदऱ्याच्या बाहीने डोक्यावरचं बारा वर्षांचं काळं वंगण पुसलं, जोर लावून पुसलं, चपटा भाग दिसेपर्यंत.

"मी," तो म्हणाला. "घणानं ठोकला. माझी लेक पहिल्यांदा घरी आली त्या दिवशी."

चालक दादाकडे वळला. मुकादमाला याची कल्पना नव्हती ना, असं त्याने विचारलं. दादाला नुसती मान हलवायची होती. त्याच्या हाताखालच्या माणसाने कबुली दिली होती, प्रश्न मिटला होता.

"मी शेजारीच उभा होतो," दादा म्हणाला. "जावई माणसाला कसं बोलायचं, म्हणून गप्प बसलो."

इंजिन फुसफुसत उभं होतं. मग दादाने ढकलगाडीवरून कठीण लाकडाची खुंटी, गिरमिट, नवा खिळा आणि पाना काढला. सरकलेली बैठक पहारीने जागेवर आणली, कुजका भाग कोरून खुंटी ठोकली, भोक पाडलं, त्यात नवा खिळा उभा केला. त्याच्या डोक्यावर दाणा होता. दादाने पान्याचा एक हात धरला आणि दुसऱ्या टोकाकडे मान वळवली.

"चला भावोजी, धरा."

एक, दोन, तीन. दोघं समोरासमोर फिरू लागले. चौथ्या फेरीला भावोजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण मोजणं थांबलं नाही. सातव्या फेरीला दोघंही न ठरवता थबकले. मी खडीत पडलो होतो, मलाही ते सात आठवले. मग आठ, नऊ आणि दहा. दादाने नव्या खिळ्याच्या दाण्यावरून अंगठा फिरवला. गाडी माणसाच्या चालीने वळणावरून गेली आणि लेकीने खिडकीतून दोघांना हात केला. एक हात बाबांना आणि एक मामाला.

दादाने अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला आणि त्यात दोघांचीही नावं घातली. त्याची मुकादमी गेली, भावोजीची गस्त गेली. दोघं पुन्हा टोळीतले साधे कामगार झाले आणि निवृत्तीपर्यंत एकाच पान्यावर राहिले. टोळीतली माणसं म्हणत, दोघांचं नुकसान झालं, पण दादाच्या बहिणीला विचारा.

मला त्यांनी भंगारात टाकलं नाही. रुळाच्या कडेला टोळीची अवजारं ठेवायची एक खोली आहे. तिच्या दाराचा खांब जुन्या स्लीपरचा आहे. दोघांनी त्यात भोक पाडलं आणि मला आडवं बसवलं, पाना धरून, फेऱ्या मोजून. दहा नाही, सहाच. बाकीचं अंग बाहेर ठेवलं. माझ्यावर लाल झेंडा अडकवला.

आता ते दोघंही कामावर येत नाहीत. नवी माणसं आली आहेत. सकाळी कुणीतरी झेंडा घेऊन जातं, दाराला कुलूप लागतं आणि मी दिवसभर रिकामा असतो. कधी कुणी माझ्या डोक्यावर बोट फिरवतं आणि याचा दाणा कुठे गेला म्हणून विचारतं. पूर्वी त्याला सगळी हकिकत सांगत. मग थोडक्यात सांगू लागले. हल्ली म्हणतात, कुणीतरी ठोकला असेल. म्हणून मित्रांनो, मीच तुम्हाला सांगितलं.

तुमच्या हातूनही कधी घाईत घण पडेल. सगळ्यांच्याच हातून पडतो. तेव्हा डोक्यावर वंगण फासू नका. त्याच संध्याकाळी सांगा, दोनशे पावलं चालून जा आणि चांगला पाना आणा. आणि घण दुसऱ्याच्या हातात असेल, तर तो कितीही मानाचा पाहुणा असो, त्याचा हात धरा. ती एक संध्याकाळ अवघड जाते. बारा वर्षं फार लांब असतात.

संध्याकाळ झाली की कुलूप उघडतं आणि झेंडा परत माझ्यावर येतो. अगदी हलका असतो तो, रुळाच्या मानाने काहीच नाही. पण मी त्याला धरून असतो.